शीव, नाव आणि साल

जून महिना उजाडला की मुख्याध्यापकाच्या टेबलावर प्रवेश-अर्जांचा ढीग पडतो. त्या अर्जात एक रकाना असतो : जन्मस्थळ – गाव, तालुका, जिल्हा, राज्य. वरवर पाहता इतका सोपा रकाना दुसरा नाही. पण आमच्या सीमाभागात सर्वांत जास्त खाडाखोड होते ती याच रकान्यात.

आमची खजुरी आळंद तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्यात, कर्नाटक राज्यात आहे. गावाहून उमरग्याकडे निघालेला रस्ता थोड्याच अंतरावर महाराष्ट्रात शिरतो. आमच्या निम्म्या लेकी तिकडे नांदतात आणि तिकडच्या निम्म्या लेकी आमच्याकडे. त्यामुळे एखाद्या उपक्रमासाठी मुलांना घराण्याची माहिती लिहून आणायला सांगितली की हमखास एक प्रश्न येतो. मध्यंतरी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, माझ्या आजीचं माहेर उदगीर. आजी म्हणते जिल्हा बीदर. मामा म्हणतो उस्मानाबाद. मामाचा मुलगा म्हणतो लातूर. मी काय लिहू?"

वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही. कारण तिघेही खरे बोलत होते. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात गेले, आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. गाव जागचे हलले नाही. आजीच्या, मामाच्या आणि मामाच्या मुलाच्या जन्माचे साल तेवढे निराळे.

न हसण्याला आणखीही एक कारण होते. ते आधी सांगितले पाहिजे.

एक दुरुस्ती

मी नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेची जुनी रजिस्टरे माझ्याकडे होती. अक्षर बरे, म्हणून वरिष्ठांनी ते काम माझ्या गळ्यात घातले होते. एक दिवस शेजारच्या वस्तीतले एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांच्या नावाचा दाखल-खारिज रजिस्टरातला उतारा त्यांना हवा होता. वडील लहानपणी मामाकडे राहून प्राथमिक शाळेत शिकले होते. १९५५ सालची नोंद मिळाली. शाईचा रंग उडालेला, तरी अक्षर स्वच्छ होते : तालुका निलंगा, जिल्हा बीदर.

मी इतिहासाचा एम. ए., पण वय लहान आणि आत्मविश्वास मोठा. निलंगा लातूर जिल्ह्यात आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, जुन्या गुरुजींनी चुकून बीदर लिहिले असणार, असे मी मनाशी धरले आणि उताऱ्यात सुबक अक्षरात "जिल्हा लातूर" असे लिहून दिले. चूक दुरुस्त केल्याचे समाधानही मानले.

वडिलोपार्जित जमिनीत त्यांच्या वडिलांचा हिस्सा होता. त्या कामात जुने महसुली कागद एका बाजूला आणि माझा उतारा दुसऱ्या बाजूला असे ठेवले गेले. जुन्या कागदांत सर्वत्र जिल्हा बीदर. माझ्या उताऱ्यात लातूर. माणूस तोच आहे हे सिद्ध करण्यासाठी त्या गृहस्थांना खेटे घालावे लागले. पेरणीचे दोन हंगाम गेले. अखेर कोणीतरी सुचवले म्हणून ते पुन्हा शाळेत आले. मी मूळ रजिस्टर काढले, आणि जुन्या गुरुजींचे अक्षर व माझे अक्षर शेजारी शेजारी पाहिले. चूक गुरुजींची नव्हती. १९५५ साली निलंगा तालुका बीदर जिल्ह्यातच होता. माझ्या मनात आजचा नकाशा होता आणि मी तो कालच्या कागदावर चिकटवला होता.

मी नवा उतारा दिला, मूळ नोंदीबरहुकूम. खाली शेरा लिहिला : "ही नोंद १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीची असून सदर तालुका सध्या लातूर जिल्ह्यात आहे." काम झाले. गृहस्थ मला एक शब्दही बोलले नाहीत. उलट जाताना नमस्कार करून गेले. तो नमस्कार अजून टोचतो. त्या दिवसापासून जिल्हा या वस्तूकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. या लेखात जे मांडले आहे ते त्या टोचणीतून आलेले आहे.

बरगडी आणि संबंध

जिल्हा हा शब्द अरबी आहे. त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू. तालुका हा शब्दही तिकडचाच. ज्या "तअल्लुक"चा अर्थ संबंध, त्याच कुळातला. तहसील म्हणजे वसुली. शब्द असे मोकळेपणाने बोलतात. शरीराची बरगडी, लोकांशी संबंध आणि सरकारची वसुली, या तिन्हींच्या मेळातून आपला कारभार उभा राहिला. गावाच्या हद्दीला मात्र आपण अजून शीव म्हणतो. तो शब्द संस्कृत "सीमा" पासून आलेला, घरचा.

शब्द पुढचे, पण प्रदेशाचे वाटे पाडण्याची रीत फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी प्रदेशाच्या नावापुढे आकडा लावीत. आमचे आळंद तेव्हा अळंदे, आणि त्याभोवतीचा मुलूख हे "अळंदे एक हजार" नावाचे नाडू. आज तालुक्याचे गाव म्हणून ओळखले जाणारे आळंद त्या काळी स्वतःच एका प्रांताचे नाव होते, हे आमच्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

पुढे १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि गुलबर्गा राजधानी झाली. राज्याच्या चार तरफा केल्या गेल्या व त्यांवर तरफदार नेमले गेले. राज्य वाढले तसे तरफदारही प्रबळ झाले. तेव्हा वजीर महमूद गवान याने चारांच्या आठ तरफा केल्या. मुलूख तोच, पण वाटे वाढले की प्रत्येक वाटेकऱ्याचे बळ घटते, हा त्यामागचा हिशेब. दुखावलेल्या सरदारांनी कारस्थान रचले आणि १४८१ साली गवानला देहदंड झाला. बीदरला त्याचा मदरसा आजही उभा आहे. सहलीत मुलांना तो दाखवताना मी सांगतो, की नकाशावर रेघ मारणे हे वाटते तितके निरुपद्रवी काम नाही. या माणसाच्या मृत्यूच्या कारणांत त्या रेघाही होत्या.

१६५७ साली शाहजादा औरंगजेबाने बीदर व कल्याणी घेतले. मोगलांच्या दख्खनेतील सहा सुभ्यांपैकी बीदर हा एक सुभा झाला. म्हणजे बीदर हे नाव कधी राजधानीचे, कधी सुभ्याचे आणि पुढे जिल्ह्याचे. प्रत्येक वेळी त्या नावाखालची जमीन वेगळी होती. सामान्य रयतेला यातले फारसे काही कळत नसे. तिचा संबंध परगण्याशी, देशमुख-देशपांड्यांशी, पाटील-कुलकर्ण्यांशी. सुभे बदलत, शिवेचे दगड बहुधा तिथेच राहत.

नळदुर्गाचा जिल्हा

आज आपण ज्याला जिल्हा म्हणतो, तो आमच्या भागात आला १८६५ साली. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी जी सुधारणा केली तिला जिलाबंदी म्हणतात. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा कलेक्टर, त्याच्या हाताखाली दोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, आणि गावात माली पटेल, पोलीस पटेल व पटवारी. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी हीच पदे होती. जिल्ह्यांच्या वर सुभे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या फेररचनेनंतर गुलबर्गा सुभ्यात चार जिल्हे राहिले : गुलबर्गा, बीदर, रायचूर आणि उस्मानाबाद. वाचकांनी हे चार जिल्हे क्षणभर ध्यानात ठेवावेत. तुळजापूर, उमरगा, निलंगा, आळंद, हुमनाबाद ही सारी गावे एकाच सुभ्यात होती आणि सुभ्याचे ठाणे गुलबर्ग्याला होते. याच फेररचनेत, १९०५ साली, लिंगसुगूर नावाचा एक अख्खा जिल्हा मोडला गेला. आज लिंगसुगूर हे रायचूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे.

आणि उस्मानाबाद तरी उस्मानाबाद कुठे होते? त्या जिल्ह्याचे आधीचे नाव नळदुर्ग. १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडचा पश्चिमेचा मुलूख इंग्रजांच्या हाती दिला. कारण होते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचे थकलेले कर्ज. नळदुर्गाच्या कारभारावर इंग्रजांनी मेडोज टेलर या अधिकाऱ्याला नेमले. ठगांवरील कादंबरीमुळे नाव झालेला तो हाच टेलर. १८५७ चे वादळ शमल्यावर, १८६० साली, इंग्रजांनी रायचूर आणि नळदुर्गाचा मुलूख निजामाला परत केला. म्हणजे या भागातील रयत सात वर्षे इंग्रजी अमलात राहून पुन्हा निजामशाहीत आली. घर बदलले नाही, सरकार दोनदा बदलले.

पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवला गेले, आणि मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये उस्मानाबाद हे नाव असून पूर्वीचे नाव म्हणून नळदुर्ग दिलेले आहे. उस्मान अली खान गादीवर आले ते १९११ साली. एका भूभागाने पन्नास-साठ वर्षांत धाराशिव, नळदुर्ग आणि उस्मानाबाद अशी तीन नावे घेतली. नळदुर्ग आज तुळजापूर तालुक्यातले एक गाव आहे; किल्ला मात्र जिल्ह्याच्या तोलाचा.

या जिल्ह्यांचा नकाशाही अखंड नव्हता. दिवाणी मुलूख वेगळा, निजामाचा खाजगी सर्फेखास वेगळा, पायगा वेगळ्या, जहागिरी वेगळ्या. गोधडीला ठिगळे असावीत तसे. १९४९ साली जहागिरी खालसा झाल्यावर ही ठिगळे उसवली गेली. राज्याराज्यांत अडकलेली तुटक गावेही १९५० च्या जानेवारीत निघालेल्या आदेशाने जवळच्या प्रांतांत मिसळली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आमच्या एका बाजूला उमरगा आणि दुसऱ्या बाजूला अक्कलकोट. आज दोन्ही महाराष्ट्रात आहेत, म्हणून आमच्या मुलांना दोन्ही रस्ते सारखेच वाटतात. आजोबांना ते तसे नव्हते. उमरग्याला जाणे म्हणजे घरातल्या घरात जाणे. तोच निजाम, तोच हाली सिक्का. अक्कलकोट मात्र भोसल्यांचे संस्थान, इंग्रजांच्या छत्राखालचे. तिकडे जाताना करोडगिरीचा नाका लागे, आणि हाली रुपयाच्या जागी कलदार रुपया चाले. आज ज्या रस्त्यावर राज्याची सीमा आहे तिथे तेव्हा सीमा नव्हती. आणि जिथे तेव्हा परमुलूख सुरू होई तो भाग १९४८ नंतर आधी मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेला. सीमा अनादी आहे असे ज्याला वाटते त्याने आमच्या गावी येऊन या दोन रस्त्यांकडे पाहावे.

बीदरचे वाटे

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पुढचा प्रश्न होता हैदराबाद राज्याचे काय करायचे हा. १९५३ च्या अखेरीस केंद्राने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. फजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर सदस्य. ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल आला. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. गुलबर्गा आणि रायचूर कर्नाटकाकडे, मराठवाडा मुंबईकडे, आणि बीदर मात्र तेलंगणाच्या जिल्ह्यांसह उरलेल्या हैदराबाद राज्यात, अशी शिफारस होती. बीदरला मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा नांदत होत्या. एकाच भाषेच्या मापाने मोजता येईल असा तो जिल्हाच नव्हता.

संसदेने १९५६ साली कायदा केला तेव्हा जिल्ह्याचे माप सोडून तालुक्याचे घेतले, आणि जिथे तालुक्यानेही भागेना तिथे सर्कलचे. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तीन तालुके मुंबई राज्यात जाऊन उस्मानाबाद जिल्ह्यात सामील झाले. नारायणखेड आणि जहिराबाद आंध्र प्रदेशात गेले. पण जहिराबादमधले निर्णा सर्कल बीदरकडेच राहिले, आणि उलट बीदर तालुक्यातले न्याळकल सर्कल आंध्रात गेले. उरलेला बीदर म्हैसूर राज्यात आला. गुलबर्ग्याचेही तसेच. कोडंगल आणि तांडूर हे तालुके आंध्रात गेले, बाकीचा जिल्हा म्हैसूरमध्ये. आमचा आळंद तालुका मात्र अखंड राहिला. त्याचे सर्कलवार वाटे झाले नाहीत. तालुका जिकडे गेला तिकडे खजुरी गेली.

या कायद्याने एक गोष्ट अशी केली की तिचा त्रास अजून होतो. जिल्ह्याची जमीन बदलली, नाव तेच ठेवले. १९५५ चा बीदर आणि १९५७ चा बीदर हे दोन निराळे जिल्हे आहेत. पहिल्यात उदगीर, निलंगा, अहमदपूर, नारायणखेड आहेत, दुसऱ्यात नाहीत. कागदावर मात्र दोन्ही ठिकाणी "बीदर" एवढीच तीन अक्षरे. औराद नावाचीच गोष्ट घ्या. एक औराद बीदर जिल्ह्यात, कर्नाटकात. दुसरे औराद शहाजानी निलंगा तालुक्यात, महाराष्ट्रात. १९५६ पूर्वी दोन्ही एकाच बीदर जिल्ह्यात होते. "औराद, जिल्हा बीदर" असा जुना कागद हाती आला तर तो कोणत्या औरादचा हे जिल्हा पाहून कळत नाही. तालुका पाहावा लागतो.

पुढची साखळीही तितकीच लांब आहे. उदगीर १९५६ ला मुंबई राज्यात गेले, १९६० ला महाराष्ट्रात आले, १९८२ ला लातूर जिल्ह्यात गेले. नारायणखेड आंध्रातल्या मेदक जिल्ह्यात गेले, २०१४ साली तेलंगणात आले आणि २०१६ साली संगारेड्डी जिल्ह्यात. १९५० साली एकाच बीदर जिल्ह्यात जन्मलेली तीन मुले, एक उदगीरचे, एक भालकीचे आणि एक नारायणखेडचे, आज तीन राज्यांत ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यांपैकी एकानेही गाव सोडलेले नसले तरी.

सीमेचा वाद त्यानंतरही मिटला नाही. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. म्हैसूरने तो स्वीकारला, महाराष्ट्राने नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्यांत बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतलीही गावे आहेत. न्याय काय तो न्यायालय देईल. त्यावर मत देणे हा या लेखाचा हेतू नाही. माझा मुद्दा मापाचा आहे. आयोगाने मुख्यतः जिल्हा मोजला, संसदेने तालुका आणि सर्कल मोजले, महाराष्ट्राची मागणी गाव मोजावे अशी आहे. एकाच जमिनीला तीन मापे लावली की तीन उत्तरे येतात. त्यांतले कोणतेही उत्तर काढताना मुळात कोणत्या सालचा नकाशा पुढे ठेवला आहे, हे आधी सांगावे लागते.

नावांची फेरी

सीमा स्थिरावल्या तशी नावे फिरू लागली. कल्याणीचे बसवकल्याण झाले. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे कलबुर्गी, बेळगावचे बेळगावी, विजापूरचे विजयपूर झाले. २०१९ च्या सप्टेंबरात हैदराबाद-कर्नाटक हा विभाग कल्याण-कर्नाटक झाला. २०२३ साली शिवेपलीकडे उस्मानाबादचे धाराशिव झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी पुसले गेलेले नाव सरकारी कागदावर परत आले. त्याआधी २०१० मध्ये गुलबर्ग्यातून यादगीर हा नवा जिल्हा निघाला होता.

यांतले प्रत्येक नाव कोणाला तरी हवे होते आणि कोणाला तरी नको होते. कलबुर्गी हे कन्नड लोकांच्या तोंडचे जुनेच नाव. धाराशिव हे खेड्यापाड्यांतल्या माणसांनी कधी सोडलेच नव्हते. तरी आमच्या एस.टी. थांब्यावर म्हातारी माणसे अजून "गुलबर्ग्याची गाडी गेली का" असेच विचारतात, आणि विद्यापीठाच्या नावात गुलबर्गा कायम आहे. नाव बदलल्याने माणसाची जीभ लगेच बदलत नाही. कागद मात्र एका दिवसात बदलतो. जीभ आणि कागद यांच्यात जे अंतर पडते त्यात गरीब माणूस अडकतो. त्याच्या जन्मदाखल्यावर एक जिल्हा, शाळेच्या दाखल्यावर दुसरा, आणि आधारकार्डावर तिसरा.

नाव तेच राहून जमीन बदलणे, किंवा जमीन तीच राहून नाव बदलणे, हा खेळ आपल्याच नशिबी आला असे कोणी समजू नये. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा देश आहे. भाषा वेगळी, बाणा वेगळा. सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ च्या कायद्याने तेथे पाच नव्या काउंट्या निर्माण झाल्या व जुन्या-नव्या मिळून तेरा झाल्या. त्यांतल्या मॉनमथशरचे गाडे असे अडले की ते वेल्समध्ये की इंग्लंडमध्ये, हा घोळ पुढे चारशे वर्षे चालला. फ्लिंटशर काउंटीचा एक तुकडा तर मुख्य भूमीपासून तुटून दूर पडलेला होता. निजामाच्या मुलखातली तुटक गावे पाहिलेल्याला त्याचे नवल वाटायचे नाही. १९७४ साली सरकारने तेराच्या आठ काउंट्या केल्या आणि त्यांतल्या काहींना मध्ययुगीन राज्यांची नावे दिली : ग्विनेद, पॉविस, ग्वेंट. आपल्याकडे धाराशिव परत आले तशीच ही जुनी नावे परत आली. १९९६ साली तीही रचना मोडून बावीस विभाग केले गेले.

या बाविसांत डेन्बिशर हे जुने नाव पुन्हा दिसते. पण जुन्या डेन्बिशरमधले सर्वांत मोठे गाव रेक्सम नव्या डेन्बिशरमध्ये नाही. आणि ऱ्हिल हे गाव, जे परंपरेने फ्लिंटशरचे, ते मात्र त्यात आहे. नाव जुने, आतली जमीन नवी. आमच्या बीदरची आणि त्या डेन्बिशरची गोष्ट एकच आहे. तिथल्या इतिहासाच्या अभ्यासकाला डेन्बिशर म्हटले की "कोणत्या सालचे?" असे विचारावे लागते. आपणही तेच शिकायला हवे.

सालाविना नाव अर्धे

मला जे सांगायचे आहे ते एवढेच. जिल्ह्याचे नाव सालाविना अर्धे असते. "जिल्हा बीदर" हा पत्ता पुरा नाही. "जिल्हा बीदर, सन १९५५" हा पुरा. आपण नाव बदलल्याचा आनंद मानतो किंवा दुःख करतो, सीमा इकडची तिकडे व्हावी म्हणून सभा घेतो. ते ज्याचे त्याने करावे. पण जुन्या कागदावरचे जुने नाव खोडून त्यावर आजचे नाव लिहू नये. तो कागद ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवशी तो खरा होता. त्यात दुरुस्ती करायची असेल तर ती समासात, सालासह करावी. जुन्या गुरुजींना जे कळत होते ते माझ्यासारख्या एम. ए. झालेल्याला कळले नाही, याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या शेताने मोजली.

म्हणून आता आमच्या शाळेत एक रीत ठेवली आहे. जुन्या नोंदीचा उतारा देताना तो मूळ नोंदीप्रमाणेच द्यायचा. त्याखाली त्या तालुक्याचा आजचा जिल्हा व राज्य, आणि बदल ज्या वर्षी झाला ते वर्ष, दोन ओळींत लिहायचे. त्यासाठी एका वहीत १९५६, १९८२, २०१०, २०१४, २०१६, २०२३ असे रकाने पाडून आजूबाजूच्या तालुक्यांची यादी करून ठेवली आहे. काम फार नाही. पण ती वही पाहायला हल्ली शिवेपलीकडचे लोकही येतात. या भागातल्या इतर मुख्याध्यापक बंधूंनी, तलाठ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी अशी एक वही ठेवावी, ही या निमित्ताने विनंती.

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी आमच्या शाळेत झेंडावंदन होते. त्याच वेळी शिवेपलीकडच्या शाळेतही होते. तिकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आमच्याकडे कल्याण-कर्नाटक उत्सव दिन. नावे दोन, राज्ये दोन, पण दिवस एकच आणि साल एकच : १९४८. त्या दिवशी मी मुलांना दोन्ही नावे सांगतो आणि फळ्यावर साल लिहितो.

आठवीतल्या त्या मुलीने शेवटी काय लिहिले, ते सांगायचे राहिलेच. तिने आजीच्या नावापुढे लिहिले : "उदगीर. जन्माच्या वेळी जिल्हा बीदर, राज्य हैदराबाद. आता जिल्हा लातूर, राज्य महाराष्ट्र." रकाना लहान पडला म्हणून तिने कागदाच्या मागच्या बाजूला रेघ ओढून ते लिहिले होते. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.